दूर ठेवणे आणि दुरावणे

घरात एखाद्या मुलाला कांजिण्या आल्या म्हणजे पहिला उद्गार निघतो तो 'त्याला शिवू नका' असा. भावंडांना दुसऱ्या खोलीत नेले जाते, शेजारची मुले खेळावयास येईनाशी होतात, आणि कालपर्यंत ज्याच्याभोवती सारे घर फिरत होते ते लेकरू एकाएकी एका खाटेपुरते उरते. हे योग्यच आहे, असे वैद्यकशास्त्र सांगते. परंतु 'शिवू नका' हे दोन शब्द आपल्या समाजाने अन्य प्रसंगीही पुष्कळ उच्चारलेले आहेत. देवळाच्या पायरीवर, पाणवठ्यावर, पंगतीत ते शतकानुशतके उच्चारले गेले, आणि आज त्या उच्चाराची आपणांस लाज वाटते. मग जे शब्द तेथे अधर्म ठरले, ते येथे धर्म कसे ठरतात? हा केवळ शब्दच्छल आहे असे कोणी समजू नये. ज्याला या प्रश्नाचे उत्तर नीट देता येत नाही, तो एक तर रोग्याला वाऱ्यावर सोडतो, नाही तर भिडेपोटी रोग घरोघर पोहोचवितो. दोन्ही गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर घडत असतात.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. कांजिण्या हा विषाणूपासून होणारा रोग आहे. फार काळपर्यंत तो देवीच्या रोगाचाच सौम्य प्रकार मानला जात असे. हे दोन रोग सर्वस्वी भिन्न आहेत, हे विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६७ साली स्पष्ट केले. संसर्ग झाल्यापासून १० ते २१ दिवसांनी ताप येतो, अंग मोडून येते, आणि छाती, पाठ व चेहरा यांवर लाल पुळ्या उठून त्यांत पाणी भरते. देवीच्या रोगात एका भागातील सारे फोड एकाच अवस्थेत असत; कांजिण्यांत नवी पुळी, भरलेला फोड आणि वाळलेली खपली ही तिन्ही शेजारी शेजारी दिसतात. फोडांतील पाण्याच्या स्पर्शाने हा रोग पसरतो, तसाच रोग्याच्या श्वासाबरोबर हवेतूनही पसरतो. ज्यांना तो पूर्वी झालेला नाही व ज्यांनी लस घेतलेली नाही, अशी १० माणसे रोग्याच्या घरात असली तर त्यांतील ९ जणांपर्यंत लागण होऊ शकते. ही लागण पुरळ दिसण्याच्या १-२ दिवस आधीपासून सुरू होते आणि शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत, म्हणजे पुरळ उठल्यानंतर बहुधा ५ ते ७ दिवस चालते. यांतील 'आधीपासून' या शब्दात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे; त्याकडे आपण पुढे वळू.

अशा रोगांना आपल्या लोकांनी जी नावे दिली ती विचार करण्याजोगी आहेत. मराठीत मोठ्या रोगाला 'देवी' म्हणत. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या घरांतून, हिंदीच्या सहवासाने, कांजिण्यांना 'छोटी माता' म्हणतात. बेळगावकडे कन्नडात 'अम्मा' हा शब्द आहे, तर हैदराबादेस तेलुगूत 'आटलम्मा'. बडोद्यास श्रावण वद्य सप्तमीला शीतळा सातम पाळतात. त्या दिवशी चूल न पेटविता आदल्या दिवशीचे थंड अन्न खाण्याची रीत आहे. भाषा निराळ्या, प्रांत निराळे, परंतु रोगाला आई म्हणण्याची वृत्ती एकच. या वृत्तीचा एक परिणाम असा झाला की, रोगी तिरस्काराचा विषय झाला नाही. ज्याच्या अंगी देवी आली, तो काही दिवस आदराचा धनी होई. दारावर कडुनिंबाचा डहाळा लागे, परक्याला मज्जाव होई, घरात तळण आणि फोडणी बंद पडे, मोठ्याने बोलणे व भांडणतंटा वर्ज्य होई. डहाळा पाहून पाहुणा पायरीवरूनच परते, आणि त्या परतण्यात कोणाचाही अपमान नसे. विषाणूचे नावही ठाऊक नसलेल्या त्या पिढ्यांनी दूर राहण्याची एक सभ्य रीत बसविली होती, हे मान्य केले पाहिजे.

परंतु त्याच श्रद्धेची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. औषध दिले तर देवी कोपेल म्हणून वैद्याला बोलावीत नसत, रोग्याला आंघोळ घालीत नसत, आणि लस टोचून घेण्यास तर अनेक ठिकाणी निकराचा विरोध झाला. भारतात देवीची पहिली लस मुंबईस १८०२ साली टोचली गेली, आणि येथील लागणीचा शेवटचा रोगी आढळला तो १९७५ च्या मे महिन्यात. पुढे ८ मे १९८० रोजी सारे जग या रोगापासून मुक्त झाल्याची घोषणा जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेत झाली. देवीचा रोग गेला; शीतळादेवीची देवळे मात्र जागच्या जागी आहेत आणि त्यांतील पूजा चालू आहे. आपल्या श्रद्धेला रोगाच्या आधाराची गरज नव्हती, हे यावरून उघड होते. जुन्या रीतीतील मर्यादा घ्यावी आणि भय टाकावे, एवढाच बोध यातून घ्यावयाचा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विटाळ आणि लागण यांत भेद कोणता? आमच्या मते तो तीन कसोट्यांनी ठरतो: कारण, काळ आणि सेवा.

पहिली कसोटी कारणाची. कांजिण्यांच्या रोग्याला दूर ठेवण्याचे कारण दाखविता येते, तपासता येते, आणि ते नाहीसे झाल्याचेही दाखविता येते. विटाळ मानणाऱ्याला विचारावे तर तो जन्माकडे बोट दाखवितो. त्यापलीकडे त्याच्यापाशी पुरावा नसतो. दुसरी कसोटी काळाची. लागणीला आरंभ आहे आणि शेवट आहे; खपली धरली की ती संपली. विटाळाला शेवट नसतो. तो बापाकडून मुलाकडे वारसाने जातो, म्हणून त्यात सुटकेचा दिवस उगवतच नाही. तिसरी कसोटी सेवेची, आणि आमच्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी. ज्याला आपण रोगामुळे दूर ठेवतो त्याची सेवा वाढते: त्याला वेळेवर पाणी हवे, औषध हवे, कोणी तरी जवळ हवे. ज्याला विटाळामुळे दूर ठेवले, त्याच्याकडून सेवा घेतली गेली, परंतु त्याला ती कधी दिली गेली नाही. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना मोकळे व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात जे उपोषण केले, ते अशा निष्कारण, निरवधी आणि निष्ठुर दूरतेविरुद्ध होते.

अपमानाशिवाय दूर राहणे आपणांस अपरिचित आहे असेही नाही. सोयर-सुतक असलेल्या घरातील माणसे ठरावीक दिवस देवळात येत नाहीत. त्यामागील कल्पना निराळी. परंतु तिची रीत पाहण्यासारखी आहे. दिवस आधीच ठाऊक असतात, ते संपले की कोणी काही विचारीत नाही, आणि त्या अवधीत त्या घराला कोणी हीन लेखीत नाही. जी मर्यादा आपण परंपरेसाठी सहज पाळतो, ती दुसऱ्याच्या जिवासाठी पाळणे जड का वाटावे?

योग्य गोष्टही सेवेवाचून केली तर ती कशी विद्रूप होते, याचे उदाहरण १८९७ सालच्या पुण्यातील प्लेगने आपल्यापुढे ठेवले आहे. तो रोग निराळा होता, परंतु प्रश्न हाच होता. रोग्यांना वेगळे करणे शास्त्राला धरून होते; पण रँडसाहेबाच्या अमलात गोरे सोजीर घरांत शिरले, त्यांनी माजघर पाहिले नाही की देवघर पाहिले नाही, आणि माणसांना उचलून छावणीत नेले. परिणाम असा झाला की, लोक रोगी लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांना आणून त्यांची शुश्रूषा केली, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. रोग्याला घरातून हलविणे दोन्हीकडे झाले. पण एका ठिकाणी माणूस नेला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी तो आणला गेला. या दोन क्रियापदांत सारा भेद आहे.

सुदैवाने कांजिण्यांच्या बाबतीत कोणालाही असे प्राण पणाला लावावे लागत नाहीत. ज्याला हा रोग पूर्वी होऊन गेला आहे, त्याला तो सहसा पुन्हा होत नाही. म्हणून शुश्रूषेचा पहिला अधिकार त्याचा. आपल्याकडे अधिकार हा शब्द जन्म, विद्या किंवा दीक्षा यांच्याशी जोडलेला असतो; येथे तो पूर्वी भोगलेल्या दुःखाने मिळतो. ज्याने एकदा ही खाज सोसली आहे, त्यानेच त्या मुलाच्या उशाशी बसावे, ही निसर्गाचीच योजना म्हणावयाची.

ही शुश्रूषा कशी करावयाची हेही नीट समजून घेतले पाहिजे, कारण अज्ञानाने केलेली माया घातक ठरू शकते. खोली वेगळी असावी आणि तिची खिडकी उघडी असावी. मुलाची नखे बारीक कापावी, कारण खाजविल्याने फोड फुटून त्यांत पू होतो आणि व्रण राहतात. आंघोळ बंद करू नये. कोमट पाण्याने रोज अंग धुवावे, चोळू नये, मऊ पंचाने टिपावे. पाण्यात कडुनिंबाचा पाला घालण्याची रीत कोणाला पाळावयाची असेल तर पाळावी, पण तोच उपचार समजू नये आणि तो पाला फोडांवर घासू नये. खाज शमविण्यास कॅलामाइनचे द्रव लावावे. तापाला पॅरासिटामॉल, वय आणि वजन पाहून, डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात द्यावे. ॲस्पिरिन मात्र मुलाला मुळीच देऊ नये. त्याने मेंदू व यकृत यांना इजा करणारा एक विकार क्वचित उद्भवतो, आणि तो जिवावर बेततो. आयबुप्रोफेनही डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये. मीठ किंवा फोडणी वर्ज्य करण्याचे वैद्यकीय कारण नाही. तोंडात फोड असले तर पेज, दहीभात असे मऊ अन्न द्यावे आणि पाणी भरपूर पाजावे. पंचा व पांघरूण वेगळे ठेवून गरम पाण्याने साबण लावून धुवावे व उन्हात वाळवावे.

श्वास लागणे, मान आखडणे, ग्लानी येणे, उलट्या न थांबणे, चार दिवसांहून अधिक ताप राहणे किंवा फोडाभोवती लाली, सूज व पू दिसणे, यांपैकी काहीही झाल्यास घरगुती उपचारांवर विसंबू नये. मुलाला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. मोठ्या माणसांना हा रोग मुलांपेक्षा कठीण जातो. म्हणून प्रौढ, गरोदर स्त्री, तान्हे मूल आणि ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झालेली आहे असे रोगी, यांच्या बाबतीत पहिल्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. विषाणूवरील औषध पुरळ उठल्यापासून २४ तासांच्या आत सुरू झाले तर त्याचा गुण अधिक येतो. जपानचे डॉ. मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ साली या रोगावरची लस सिद्ध केली, आणि ती आज आपल्याकडेही मिळते. घरात रोगी आढळल्यावर ३ ते ५ दिवसांच्या आत इतर निरोगी मुलांना ती टोचली तर त्यांचा बचाव होऊ शकतो, म्हणून तेही विचारून घ्यावे. गरोदरपणी मात्र ही लस देत नाहीत.

यात एक गोष्ट राहून जाते, ती औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते. मुलाला आपण वेगळे का ठेवले आहे आणि किती दिवस, हे त्याला सांगावे. जे कारण त्याला कळते, ते त्याला शिक्षा वाटत नाही. ज्याला पूर्वी कांजिण्या होऊन गेल्या आहेत त्याने त्याच्या डोक्यावरून खुशाल हात फिरवावा. आजारी लेकराला स्पर्श पूर्णपणे नाकारावा, असे वैद्यकशास्त्राने कोठेही सांगितलेले नाही.

आता त्या 'आधीपासून' या शब्दाकडे वळू. पुरळ दिसण्यापूर्वीच लागण सुरू होते, याचा अर्थ असा की पुष्कळदा रोग देणाऱ्याला आपण तो देत आहोत हे ठाऊक नसते. त्याला दोष देता येत नाही. 'तुमच्या मुलामुळे आमच्या मुलाला झाले,' असे शेजारणीने म्हणणे, ही दुःखाच्या भरात केलेली अन्यायाची भाषा आहे. परंतु पहिली पुळी ओळखली त्या क्षणापासून स्थिती पालटते. अज्ञानात जे दैव होते, ते ज्ञानात कर्म होते. त्यानंतर मुलाला शाळेत, लग्नात किंवा जत्रेत नेले, तर त्याचा जाब आपणांस दिला पाहिजे.

यावर देवभक्त माणसे म्हणतात, "देवाच्या दारी कोणाचे वाईट होत नाही." श्रद्धा म्हणून हे वाक्य सुंदर आहे, सबब म्हणून ते वाईट आहे. देवळात येतात तरी कोण, याचा विचार करावा. पहिल्या दर्शनासाठी तान्हे मूल आणलेले असते. देवीची ओटी भरावयास दिवस गेलेली सून आलेली असते. मोठ्या आजाराची औषधे घेत असलेला, नवस बोलावयास आलेला एखादा वृद्ध सभामंडपाच्या खांबाला टेकून बसलेला असतो. ज्यांना कांजिण्यांपासून सर्वांत अधिक धोका, तीच माणसे देवाच्या सर्वांत जवळ येऊन बसलेली असतात. पालखीच्या गर्दीत किंवा महाप्रसादाच्या पंगतीत आपल्या मुलाशेजारी कोण बसेल हे आपणांस ठाऊक नसते. ज्याचे तोंड आपण पाहिलेले नाही त्याच्यासाठी आपला सण सोडणे, हे व्रत म्हणून कोणत्याही उपवासापेक्षा उणे नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. ते म्हणतात, "लहानपणी हा रोग होऊन गेलेला बरा, सगळ्या भावंडांना एकत्र झोपवा, एकदम उरकून जाईल." बहुतेक मुले या रोगातून बरी होतात हे खरे. परंतु काहींना न्युमोनिया होतो, काहींच्या मेंदूला सूज येते, आणि तो थोड्यांतला एक कोण ठरेल हे आधी सांगता येत नाही. लस हाताशी असता दुसऱ्याच्या शरीरावर असा डाव लावण्याचा हक्क पालकालाही नाही.

शेवटी या रोगाचे एक असे सत्य सांगितले पाहिजे की, ज्यापुढे विटाळाची सारी कल्पना लंगडी पडते. कांजिण्या बऱ्या झाल्या म्हणजे विषाणू शरीरातून जातो असे नाही. तो मज्जातंतूंच्या मुळांशी निद्रिस्त होऊन जन्मभर राहतो, आणि कधी वार्धक्यात, कधी अशक्तपणात जागा होऊन नागीण या रूपाने प्रकट होतो. कांजिण्या व नागीण यांचा विषाणू एकच, हे थॉमस वेलर यांनी १९५० नंतरच्या दशकात प्रयोगाने दाखविले. आणि तो शरीरातच झोपून पुन्हा उठतो, हा सिद्धान्त एडगर होप-सिम्प्सन या इंग्लंडमधील साध्या गावडॉक्टराने, आपल्याच रोग्यांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून, १९६५ साली मांडला. नागिणीचे तोंड आणि शेपूट कमरेभोवती मिळाले की माणूस जातो, हा समज खोटा आहे. ती बहुधा एका मज्जातंतूच्या वाटेने शरीराच्या एकाच बाजूस उठते. त्या फोडांवर गेरूचे लेप देत बसण्यापेक्षा तीन दिवसांच्या आत डॉक्टर गाठावा, आणि फोड डोळ्यांजवळ असल्यास क्षणाचाही विलंब करू नये. आजीला नागीण झाली असता ते फोड झाकून ठेवावे, कारण त्यांतील पाण्याने नातवाला कांजिण्या येऊ शकतात.

याचा अर्थ काय होतो? ज्यांना ज्यांना बालपणी कांजिण्या येऊन गेल्या, त्या सर्वांच्या अंगी तो विषाणू आजही आहे. गाभाऱ्यात पूजा करणारे भटजी, सेवेच्या पाळीवर असलेले महाजन, पायरीवर बसलेला भिकारी आणि हा लेख वाचणारे आपण, यांत फरक नाही. रोगाचे बीज अंगी असणे म्हणजे अशुद्ध असणे असे मानले, तर देवळात जाण्यास योग्य असा माणूस क्वचितच सापडेल. तेव्हा दूर ठेवावयाचा तो माणूस नव्हे. त्याच्या आयुष्यातील काही दिवस तेवढे दूर ठेवावयाचे.

म्हणून देवस्थानांच्या व्यवस्थापकांना एक नम्र सूचना करावीशी वाटते. ज्या घरात असा रोगी आहे त्या घराची सेवेची पाळी कोणताही प्रश्न न विचारता दुसऱ्याने उचलावी, आणि पुढल्या खेपेस ती त्यांना परत द्यावी. उत्सवाचा प्रसाद त्या घराच्या पायरीपर्यंत कोणी तरी नेऊन द्यावा. असे झाले म्हणजे रोग लपविण्याचे कारणच उरणार नाही. कारण माणसे रोगाच्या भयापेक्षा टाकले जाण्याच्या भयाने अधिक लपतात. दूर ठेवलेल्या माणसाचे दिवस मोजणारा आणि ते संपण्याची वाट पाहणारा कोणी असला, तर ते दूर ठेवणे होय. दिवस मोजावयाचे आपण विसरलो, की तेथून दुरावणे सुरू होते.